वाटेचं पान

ऑनलाइन कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी गृहपाठ दिला. आपला वाचक डोळ्यांसमोर आणा, तो कोण आहे, कुठे बसतो आणि तुमचं पुस्तक दिवसातल्या कोणत्या वेळी उघडतो, ते चार ओळींत लिहा. माझी अख्खी नोकरी दुसऱ्यांचे गृहपाठ तपासण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर कुणी उलट मला गृहपाठ द्यावा, याचाच आधी राग आला. मग चष्मा पुसला आणि लिहिलं: माझा वाचक पुस्तक दिवे लागल्यावर उघडेल. त्याआधी उघडलं तर त्याचा मामा वाट चुकेल.

बाईंनी हसणारे पिवळे चेहरे पाठवले आणि खाली 'खूपच क्रिएटिव्ह' असं लिहिलं. ग्रुपवरच्या बाकीच्यांनीही हसून घेतलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. विचारली ती वेळ मी सांगितली होती.

दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असं पुष्कळ ठिकाणी म्हणतात. पण तिकडे ते पोरांची कटकट टाळायला म्हणतात. आमच्या सूर्यमाळच्या पाड्यांवर ते पाळतात. मामा यायचा म्हणजे डोंगर चढून, रान तुडवत यायचा. वाट चुकणं ही तिथे थट्टेची गोष्ट नव्हती.

मलाही एक मामा होता. आईचा धाकटा भाऊ. भात कापून झालं की तो कामाला वसईकडे उतरायचा आणि होळीला परत यायचा. येताना सुकट आणायचा, माझ्यासाठी लाल रिबीन आणायचा, आणि आपण मुंबईच्या बाजूला राहून आलो हे दाखवायला आल्या आल्या माझ्याशी हिंदी बोलायचा. 'कैसी है भांजी?' मला त्यातलं काही कळायचं नाही आणि त्याला त्यापुढचं काही यायचं नाही. मग आम्ही दोघं हसत बसायचो. मी लहान असताना एका होळीला तो आला नाही. खोडाळ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरताना त्याला लोकांनी पाहिलं होतं. तिथून वर आमच्या घरापर्यंतच्या वाटेवर मात्र तो कुणालाच दिसला नाही. कुणी म्हणालं, उतरून पुन्हा नाशिकच्या गाडीत बसला. ओहोळ, दऱ्या सगळं शोधून झालं. मग हळूहळू घरात त्याचं नाव निघेनासं झालं.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन जव्हारला राहू लागले. बरीच वर्षं साखरशेतच्या शाळेत होते. तिथल्या पोरांना शेवटच्या तासाला मी आईच्या गोष्टी सांगायचे. पहिल्यांदा सांगायला बसले तर वर्ग एकदम अस्वस्थ झाला. एक मुलगी उठून म्हणाली, बाई, दिवस हाय अजून. मग पोरांनीच तोड काढली. खिडक्या लावल्या, दार लोटलं, कौलांच्या फटीत कुणाचं तरी पोतं कोंबलं आणि सगळी म्हणाली, झाली रात. त्या उकाड्यात घाम पुसत मी गोष्ट सांगायचे आणि पोरं अंधारातून 'हं' म्हणायची. आमच्याकडे ऐकणाऱ्याने 'हं' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. एकदा केंद्रप्रमुख अचानक आले आणि दार ढकलून बघतात तर वर्गात काळोख. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. पुढच्या बाकावरून उत्तर आलं, 'रात चाललीय, सर.' ते साहेब भले होते. दार लोटून निघून गेले.

ती पोरं आता बाप्ये झाली, बायका झाल्या. जव्हारच्या बाजारात भेटतात तेव्हा अभ्यासातलं कुणालाच काही आठवत नाही, त्या बंद खिडक्या आठवतात. त्यांच्यापायीच माझ्या डोक्यात पुस्तकाचं खूळ शिरलं. दोन प्रकाशकांना लिहिलं. एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने कळवलं की गोष्टी गोड आहेत, पण भाषा शुद्ध करून पाठवा. माझी आई अशुद्ध बोलते हे मला वयाच्या साठीला कळलं. मी तो कागद चुलीत घातला, आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: आपलं पुस्तक आपणच प्रकाशित करायला शिका, घरबसल्या.

तो उन्हाळा मला फार आठवतो. उन्हं तापली की पाड्यावरची विहीर तळाला जाते, म्हणून आई दर वर्षी माझ्याकडे जव्हारला येते आणि पाऊस नीट लागला की परत जाते. होळी झाल्याशिवाय मात्र ती पाडा सोडत नाही, पाणी असो नसो. त्या वर्षीही होळी करून आली. दिवसभर मी ओट्यावर नाचणीच्या डब्याला मोबाइल टेकवून कोर्स करायचे आणि आई शेजारी सूप घेऊन नाचणी पाखडत बसायची. संध्याकाळी दिवा लागला की भूमिका बदलायच्या. आई सांगायची, मी 'हं' म्हणायचे आणि मोबाइल तिचा आवाज टिपायचा.

त्या कोर्सने मला काय काय शिकवलं. पानाच्या आतल्या बाजूला बाहेरच्यापेक्षा जास्त समास सोडायचा, नाहीतर शिवणीत शब्द गिळले जातात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नव्यात नेलं की वेलांट्या उडून जातात आणि सगळं पुस्तक परदेशी दिसायला लागतं. कोणतं पान डावीकडे येतं, कोणतं उजवीकडे, मुखपृष्ठाला कणा किती जाड लागतो, पुस्तकाचा सरकारी क्रमांक कसा मागवायचा. माझं एक पान उलटं छापलं जाईल असं मी चुकून अपलोड केलं होतं, तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर दाखवलं. मी मोबाइल पालथा ठेवून दिला. आईने विचारलं, काय झालं? सांगितलं तर म्हणाली, आता तुला कळलं, तुझ्या शाळेतल्या पोरांना कसं वाटत असंल.

खरं तर आईला तो कोर्स माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. बाई पडद्यावर आल्या की ती पदर सारखा करून बसायची. बाईंना दिसत नाही म्हटलं तरी ऐकायची नाही. बोलणं तिला कितपत कळायचं देव जाणे, पण मधूनमधून सवयीने 'हं' म्हणायची, म्हणून त्या व्याख्यानांना जरा गोष्टीची कळा यायची.

मेच्या सुमाराला आईने स्वतःहून वाघाची गोष्ट काढली. ही गोष्ट तिने मी फार लहान असताना सांगितली असावी, मला त्यातलं तुटक तुटक आठवत होतं. नंतर कधी तिने ती सांगितली नव्हती, मागितली तर दुसरीच काढायची. एका पोरीचं लग्न वाघाशी लावून देतात. ती रानात नांदायला जाते आणि माहेरचे तिला विसरून जातात. धाकटा भाऊ मात्र होळीला तिला आणायला निघतो. पाखराला वाट विचारतो, झाडाला विचारतो, दगडाला विचारतो. फडक्यात नाचणीच्या भाकरी बांधलेल्या. चालत चालत तो एका ओहोळावर येतो आणि पलीकडे त्याला बहिणीच्या चुलीचा धूर दिसतो. इथवर आई आली आणि म्हणाली, आता उद्या. माझ्या पुस्तकातली ही सगळ्यात मोठी गोष्ट होणार होती. मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्समध्ये वाचकाचाच विषय निघाला. मोबाइलचा आवाज मोठा होता. बाई म्हणाल्या की आजचा वाचक धावपळीत असतो, तो सकाळच्या चहाबरोबर वाचतो, बसमध्ये वाचतो, दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचतो, तेव्हा पुस्तक असं हवं की त्याला ते भर दिवसा कुठेही उघडता येईल. आईच्या हातातलं सूप थांबलं.

तिने विचारलं, दुपारी वाचतील? मी समासाची मापं लिहून घेण्यात गुंतलेली. वाचतील की, म्हटलं, पुस्तक काय, केव्हाही उघडावं. ती पुन्हा सूप हलवू लागली. संध्याकाळी दिवा लावून मी मोबाइल पुढे ठेवला तर म्हणाली, घसा धरलाय. दुसऱ्या दिवशीही घसा. तिसऱ्या दिवशी तिने स्पष्टच सांगितलं की जे सांगितलं तेही छापायचं नाही. मी कारण विचारलं. दिवसा वाचतील, एवढंच म्हणाली आणि नळाखाली भांडी घासायला बसली. मी चिडले. शिकलेल्या बाईला आपल्या आईवर चिडायची फार घाई असते. पहिल्या गृहपाठात आपणच काय लिहिलं होतं, ते मी विसरले. मी म्हणाले, एवढा घाट घातला, कोर्स केला, आणि आता मामाचं काय घेऊन बसलीस? तिच्या हातातलं पातेलं जरा जोरात आपटलं. पाऊस लागला आणि ती पाड्यावर निघून गेली. तो भाऊ तसाच ओहोळावर उभा राहिला.

पावसाळाभर मी पुस्तकाला हात लावला नाही, पण ते डोक्यातून जाईना. मग एकदा साखरशेतच्या त्या बंद खिडक्या आठवल्या आणि मला वाटलं, सापडलं. पुस्तकाला आपणच रात घालावी. गोष्टी सुरू होण्याआधी एक अख्खं पान काळं छापायचं. वाचकाने ते उलटलं की रात झाली, मग बाहेर दुपार असो की सकाळ. मी ग्रुपवर हे मांडलं. बाईंनी समजावलं की अख्खं काळं पान टाळावं, शाई मागच्या बाजूला उतरते, कागदाला पोक येतो आणि वाचकाला वाटतं छपाई बिघडली. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला. माझ्या पुस्तकात रात पाहिजे, मी लिहिलं, पोक आला तर येऊ दे. शेवटी त्यांनी हात टेकले आणि मी तपासणीची एक प्रत मागवली. वाघाची गोष्ट त्यात होती तेवढीच, ओहोळापर्यंतची.

दिवाळी झाली होती. भात कापून झालेलं, नाचणीची कणसं आईने अंगणात पसरलेली. मी जीपने खोडाळ्याहून वर गेले आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही. तिने ते उलटंसुलटं पाहिलं, वास घेतला, मुखपृष्ठावरचं आपलं नाव कुठलं ते विचारून त्यावर हात फिरवला. मग उघडलं. काळं पान पाहून तिने माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या तोऱ्यात सगळं समजावलं, पोरांच्या खिडक्या, पोतं, साहेब, झाली रात. ती हसली. हसता हसता तिने त्या पानावरून बोट ओढलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. काळं झालं होतं.

"रात हाताला लागत नाय, बाय," ती म्हणाली.

मी काही बोलणार तेवढ्यात तिने मला खाली बसायला सांगितलं. कणसं सारखी करता करता, माझ्याकडे न बघता ती सांगू लागली. मी लहान असताना मला ताप आला होता. होळी जवळ आलेली. भर दुपारी मी अंगावरची गोधडी फेकत होते, पाणी पीत नव्हते, रडत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला कसं गप्प करावं तिला कळेना. मग तिने गोष्ट सुरू केली, वाघाचीच. भाऊ ओहोळावर आला आणि मला झोप लागली.

"त्या होळीला तुझा मामा आला नाय," ती म्हणाली.

ती गोष्ट तिने दिवसा सांगितली होती, हे मला कधीच माहीत नव्हतं. तो ताप मला आठवत नाही, ती दुपारही नाही. एवढी वर्षं होळी होईपर्यंत ही बाई पाण्यावाचून पाडा का धरून बसते, हे मी कधी विचारलं नव्हतं. म्हातारपणीचा हट्ट, असं मी चारचौघांत सांगत असे. मी तिच्याजवळ सरकले. मी तिला म्हटलं, आय, गोष्टीने कुणी हरवत नाही. तो गेला तो त्याच्या कारणाने गेला. तिने मान हलवली. ते तिला समजत होतं. समजून उपयोग नव्हता एवढंच.

"माझा एक गेला," ती म्हणाली. "ह्ये पुस्तक किती जन वाचतील? तेवढ्यांचे मामा. तेवढ्या बायांचे भाव. माझ्यापायी त्यांनी का म्हून वाट बघत ऱ्हायाचं?"

कोर्समध्ये असलं काही शिकवलेलं नव्हतं. मी ठरवलं की पुस्तकाचा विषय इथेच संपवायचा. तसं तिला सांगितलंही. ती कणसं पसरत राहिली. ऊन अंगणातून सरकलं, मी आत जाऊन चहा टाकला, बाहेर आले तर ती खाली वाटेकडे बघत उभी होती. चहा घेतला आणि म्हणाली,

"मंग वाट बी घाल त्यात."

कुठली वाट, मी विचारलं.

"आपल्या घरची. मला दुसरी कुठं ठावं हाय? जो चुकंल त्याला गावंल."

कोर्सच्या यादीत शेवटचं पान 'लेखकाविषयी' असं होतं. तिथे फोटो घालायचा, शिक्षण, पुरस्कार, मोबाइल नंबर. आईचा फोटो तिने काढू दिला नव्हता, शिक्षण नव्हतं, पुरस्काराचा प्रश्न नव्हता, म्हणून ते पान मी कोरं ठेवलं होतं. त्या पानावर आता वाट आली. आई सांगत गेली आणि मी मोबाइलवर टाइप करत गेले. खोडाळ्याला एसटीतून उतरायचं. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा. ओहोळ लागला की पाण्यातले चपटे दगड धरून पलीकडे जायचं. जोड उंबर येतो, तिथे दोन वाटा फुटतात, वरची धरायची. वाघ्या देवाचा शेंदरी दगड आला की हात जोडायचे. मग चढ. चढ संपला की मोहाचं झाड, आणि त्याच्या समोरचं घर आपलं. दाराला कडी नाही.

मी मध्येच तिला अडवलं. जोड उंबर केव्हाच वादळात पडला. मोह रस्त्यात गेला. ओहोळावर पूल आहे आणि सरळ डांबरी रस्ता घराजवळून जातो. कुणाला यायचंच असेल तर फाट्यावरची पाटी बघून अर्ध्या वेळात येईल. आणि दाराला कडी आहे, मीच बसवून घेतली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"डांबरी वाट त्याला ठावं नाय," ती म्हणाली. "त्याने पाह्यली ती लिही."

मी तशीच लिहिली. कडीही काढून टाकली, पुस्तकातली. त्या दिवशी दिवा लागल्यावर आईने मला समोर बसवलं आणि ओहोळावर उभ्या असलेल्या त्या भावाला पुढे नेलं. तो पाण्यात उतरतो, पलीकडे जातो. वाघ शिकारीला गेलेला असतो. भाऊ दारात उभा राहतो आणि बहीण मागे वळून बघते. 'आलास? बस. भाकर गरम हाय,' एवढंच ती म्हणते. गोष्ट तिथे संपते. मी 'हं' म्हटलं आणि मोबाइल बंद केला. आईने दिवा जरा मोठा केला आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.

काळं पान मी काढून टाकलं. बाई खूश झाल्या. पण शेवटचं पान बघून त्यांनी विचारलं, याची खरंच गरज आहे का, मोबाइलवरच्या नकाशाची लिंक दिली तर सोपं जाईल. गरज आहे, मी लिहिलं. आता त्या मला ओळखायला लागल्या होत्या, त्यांनी वाद घातला नाही. कोर्स पुरा झाल्याचं प्रमाणपत्र आलं, ते मी छापून भिंतीवर लावलं. थंडी सरता सरता पुस्तकांचे खोके जव्हारला आले. उघडल्यावर आधी शेवटचं पान बघितलं. समास व्यवस्थित होता, एकही शब्द शिवणीत गेला नव्हता. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

पुस्तकं साखरशेतला गेली, जामसरला गेली, माझ्या जुन्या पोरांनी नेली, काही पोस्टाने लांब गेली. कोण कधी वाचतं याचा हिशेब मी ठेवला नाही आणि आईने विचारला नाही.

होळीच्या तोंडावर मी पाड्यावर गेले होते. विहिरीत पाणी उरलं नव्हतं, टँकर आला की हंडे भरायचे. होळी झाली की आईला घेऊन खाली उतरायचं असा बेत होता. भर दुपार. आई ओसरीत बसून भाकरीचं पीठ चाळत होती. तेवढ्यात खालून, चढावरून, एका पुरुषाचा आवाज आला. तो वाटेवरच्या कुणाला तरी विचारत होता,

"इथे मोहाचं झाड कुठे होतं?"

आई उठली. हातातली चाळणी तशीच ठेवली आणि पिठाच्या हातांनी अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. मोहाचं झाड आता नाही, आणि ते कुठे होतं हे विचारत येणारा माणूस तिच्या माहितीत एकच. मी तिच्या मागे उभी होते. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिने दोनदा सारखा केला. मी देवाला काय म्हटलं ते मला आठवत नाही, पण म्हटलं होतं.

चढ चढून एक माणूस वर आला. माझ्यापेक्षाही लहान, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात आमचं पुस्तक. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. आईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, बस, पाणी घे, आणि आत जाऊन तांब्या भरून आणला. त्या दिवसांत आमच्याकडे तांब्याभर पाणी म्हणजे काय ते त्याला कळलं असावं, कारण त्याने एक थेंब सांडला नाही.

तो नाशिककडून आला होता. पुस्तक वाचलं आणि त्या शेवटच्या पानाने त्याला स्वस्थ बसू दिलं नाही. गाडी पुलापाशी लावून तो मुद्दाम पायी निघाला. चपटे दगड सापडले. जोड उंबर मात्र कुणाला सांगता येईना, पोरं म्हणाली इथे असं झाडच नाही. दोनदा खालच्या वाटेने उतरून परत आला. शेवटी एका म्हाताऱ्याने काठीने जागा दाखवली, वरचा मोहही आता नाही म्हणाला. आई सगळं कान देऊन ऐकत होती. चुकलास का, तिने विचारलं. चुकलो की, तो म्हणाला, पण लागली वाट. आईने मान हलवली आणि पुन्हा विचारलं, म्हणजे लागते? लागते, तो म्हणाला.

मग जरा संकोचत त्याने सांगितलं की वाघाची गोष्ट तिच्या तोंडून ऐकायला मिळाली तर बरं होईल, पण त्याला उन्हं कलायच्या आत निघायला हवं. मी त्याला नाही म्हणायला तोंड उघडलं. आईने मला हाताने थांबवलं.

"मामा हाय का तुला?" तिने त्याला विचारलं.

आहे, तो म्हणाला.

"आता कुठं हाय?"

त्याला सांगता येईना. घरी असेल, म्हणाला. असेल नको, आई म्हणाली, विचार त्याला. पाड्यावर मोबाइल लागत नाही, मागच्या खडकावर चढावं लागतं. तो बिचारा त्या उन्हात खडकावर गेला. त्याचं मोठमोठ्याने बोलणं आम्हाला खाली ऐकू येत होतं. काही नाही मामा, सहज केला, हो, हो, सगळं ठीक आहे, तुम्ही कुठे आहात तेवढं सांगा. खाली आला तेव्हा हसत होता. मामा घरीच आहे, जेवून आडवा झालाय, माझीच काळजी करत बसलाय, म्हणाला.

"बेस," आई म्हणाली. "मंग ऐक."

ओसरीच्या कडेला, वाटेकडे तोंड करून ती बसली आणि भर दुपारी तिने गोष्ट सुरू केली. मी 'हं' म्हणायला बसले. लग्न झालं, पोरगी रानात गेली, माहेरचे विसरले. भाऊ निघाला. पाखराला विचारलं, झाडाला विचारलं, दगडाला विचारलं. ओहोळावर आला. आई तिथे थांबली नाही. त्याला पाण्यात घातलं, पलीकडे काढलं, दारात उभं केलं. पुस्तकातला शब्द न् शब्द मला पाठ आहे, मीच तो टाइप केलाय, मीच तपासलाय. बहीण मागे वळून म्हणाली, 'आलास? बस. भाकर गरम हाय.' आणि मग आईने वाटेकडे बघत आणखी एक वाक्य म्हटलं, जे पुस्तकात कुठेच नाही.

"लय उशीर केलास रे."

मला 'हं' म्हणता आलं नाही. त्या पाहुण्यानेच म्हटलं.